मका तिसाव्या दिवशी पिवळा पडतो: शेणखत टाकलं तरी आणि युरिया टाकला तरी

तक्रार अशी आहे. मका उगवतो झकास, पंधरा-वीस दिवस दृष्ट लागावी असा दिसतो, आणि पंचविसाव्या-तिसाव्या दिवशी, गुडघ्याला लागायच्या आत, शेताचा काही भाग पिवळा पडायला लागतो. आपण युरियाची गोणी फोडतो. कधी हिरवं होतं, कधी नाही. पुढच्या वर्षी पुन्हा तेच. मग बांधावर पंचायत बसते. एकजण म्हणतो, "रासायनिकानं जमीन मेली, शेणखत टाका." दुसरा म्हणतो, "शेणखतानं कुठं मका पिकती का, दोन गोण्या मारा." या वादात पिवळं पान खुडून हातात कुणीच घेत नाही.

मीही घेत नव्हतो. सिल्लोड तालुक्यात आमचं अडीच एकर आहे, मध्यम काळं, खालच्या अंगाला चुनखडीचे खडे वर आलेले. खरिपात मका आणि कपाशी. २०२२ ला मी शेणखताच्या बाजूचा होतो. मृगाच्या तोंडावर तीन ट्रॉल्या विकत घेऊन पसरल्या आणि पेरताना युरियाला हात लावला नाही. मका पिवळा पडला. २०२३ ला चिडून सगळं रासायनिक केलं. त्या वर्षीचा ऑगस्ट किती कोरडा गेला हे कुणाला सांगायला नको. मका पुन्हा पिवळा. २०२४ ला मात्र शेतात पट्टे पाडून बघितलं, तेव्हा कळलं की आमच्या त्या अडीच एकरात एक नाही, तीन वेगवेगळे पिवळे होते. दोन वर्षं मी एकेका औषधानं तीन आजार बरे करायला निघालो होतो.

म्हणून खाली जे लिहितोय ते ज्या क्रमानं तपासायला हवं त्या क्रमानं लिहितोय. खत कोणतं टाकायचं हा प्रश्न शेवटी येतो.

आधी पान खुडा

पिवळ्या भागातली पाच झाडं घ्या आणि एकच गोष्ट बघा: पिवळं खालून सुरू झालंय की वरून?

खालची जुनी पानं आधी पिवळी पडत असतील, आणि पिवळेपणा टोकाकडून मधल्या शिरेवरून देठाकडे सरकत असेल, म्हणजे पानावर बाणाच्या पात्यासारखा आकार उमटला असेल आणि कडा अजून हिरव्या असतील, तर नत्र, म्हणजे नायट्रोजन, कमी पडतंय. झाडाला नत्र पुरेना झालं की ते म्हाताऱ्या पानातून काढून कोवळ्या पानाला देतं. घरात दूध कमी असलं की आजी "मला नको" म्हणते, तसं.

खालचीच पानं, पण पिवळेपणा बरोबर उलटा, म्हणजे कडा टोकापासून करपत आल्यात आणि मधली शिर हिरवी आहे, तर ते पोटॅश. ही दोन पानं शेजारी धरून बघितली की जन्मात पुन्हा चूक होत नाही. एकात मधलं जातं, दुसऱ्यात कडा जातात.

वरची, पोंग्यातून, म्हणजे शेंड्याच्या गुंडाळीतून, नुकती निघालेली पानं फिकी असतील तर कहाणी वेगळी. पानाच्या बुडाकडच्या अर्ध्या भागात, मधल्या शिरेच्या दोन्ही अंगांना पांढरट रुंद पट्टे असले तर जस्त, म्हणजे झिंक. आमच्या चुनखडीच्या अंगाला हेच होतं, आणि मी त्यावर युरिया ओतत होतो. कोवळ्याच पानात बुडापासून टोकापर्यंत बारीक, सरळ, वहीच्या पानासारख्या पिवळ्या रेघा असतील तर लोह. पट्टे-रेघा काहीच नाहीत, पण वरचं सगळंच पान फिकं आहे, तर गंधकाचा संशय घ्यायचा. वर्षानुवर्षं फक्त डीएपी (नत्र आणि फॉस्फरसचं खत) आणि युरिया टाकणाऱ्यांकडे गंधक कमी पडणं साहजिक आहे, कारण त्या दोन्हींत ते नसतंच. सिंगल सुपर फॉस्फेटमध्ये असतं, पण ते भुकटीसारखं, गोणी अवजड, म्हणून कुणी नेत नाही.

पानं जांभळी पडली तर स्फुरद, म्हणजे फॉस्फरस. रब्बीच्या मक्यात थंडी पडली की हे दिसतं, कारण गार मातीत मुळं स्फुरद उचलत नाहीत. ऊन वाढलं की बऱ्याचदा आपोआप जातं. त्यासाठी धावपळ नको.

मग मूळ उपटा

पान बघून झालं की खुरप्यानं एक झाड मुळासकट काढा. मुळं पांढरी आणि ताठ असतील तर ठीक. तपकिरी, लिबलिबीत आणि वास येणारी असतील तर सेंद्रिय-रासायनिक वाद तिथेच मिटवा, कारण तुमचं दुखणं पाणी आहे. मक्याचा वाढीचा कोंब पाच-सहा पानं होईपर्यंत जमिनीच्या खालीच असतो. त्या वयात दोन-तीन दिवस पाणी साचलं तर मूळ गुदमरतं, शिवाय जमिनीतलं नत्र वायू होऊन उडून जातं. अशा जागेत युरिया टाकणं म्हणजे बुडणाऱ्याला जेवायला वाढणं. आधी चर काढा, वाफसा येऊ द्या, एक कोळपणी करून माती मोकळी करा, मग खताचं बघू.

मुळं कुरतडलेली दिसली आणि मातीत पांढरी, इंग्रजी सी अक्षरासारखी वळलेली अळी सापडली तर ती हुमणी. ती बऱ्याचदा कच्च्या शेणखतातूनच येते. कच्च्या शेणखताचं पुढे येतंच.

दहा ओळींची परीक्षा

पान बघूनही खात्री होत नसेल तर सगळ्या शेतावर पैसे घालायच्या आधी हे करा. पिवळ्या भागातच दहा ओळी घ्या. तीन ओळींवर युरियाची फवारणी: पंधरा लिटरच्या पंपाला ३०० ग्रॅम. पुढच्या तीन ओळींवर झिंक सल्फेट ७५ ग्रॅम आणि त्यात ३५-४० ग्रॅम विझवलेला चुना, गाळून. त्यापुढच्या दोनांवर लोहासाठी हिराकस (फेरस सल्फेट) ७५ ग्रॅम, त्यातही तसाच चुना. उरलेल्या दोन ओळी कोऱ्या ठेवा. फवारणी संध्याकाळी, आणि ओळींच्या तोंडाला काठ्या रोवून त्यावर काय फवारलं ते लिहा, कारण आठ दिवसांनी आठवत नाही. मला आठवलं नव्हतं.

पाच ते सात दिवसांत जी ओळ हिरवी होईल तिनं उत्तर दिलं. हा सगळा खर्च शंभर रुपयांच्या आत बसतो.

कोऱ्या ओळींवरून आमच्याकडे भांडण झालं. अण्णा म्हणाले, "घरचं पीक मुद्दाम उपाशी ठेवतो, काय शिकलास?" मी त्यांना सांगितलं की अमेरिकेत इलिनॉयच्या विद्यापीठात १८७६ पासून जमिनीच्या एका तुकड्यावर मका लावतात, त्यातल्या काही भागाला खत न देता ठेवलं आणि दीडशे वर्षं मोजत बसले. शेजारी ग्रंथालय बांधायची वेळ आली तेव्हा मक्यावर सावली पडू नये म्हणून ती इमारत जमिनीखाली घेतली. अण्णा म्हणाले, "त्यांच्याकडे जमीन लई असंल." पण दोन ओळी राहिल्या.

शेणखत टाकूनही पिवळा पडला, तर

आता माझ्या २०२२ च्या चुकीकडे येऊ, कारण ही चूक सगळ्यात जास्त होते आणि सगळ्यात कमी बोलली जाते. नत्राचं पिवळं पान आणि खाली तीन ट्रॉल्या शेणखत, हे एकत्र कसं?

मी विकत घेतलेल्या खतात गव्हाचा भुसा, मक्याची ताटं, गोठ्यातलं उष्टं दिसत होतं. ट्रॉलीवाला म्हणाला, "जमिनीत गेलं की कुजतं." बरोबर आहे. पण कोण कुजवतं आणि काय खाऊन? भुश्यात कर्ब, म्हणजे कार्बन, भरपूर आणि नत्र नावाला. गव्हाच्या भुश्यात एक भाग नत्र तर ऐंशी भाग कर्ब, मक्याच्या ताटांत साठच्या आसपास. पूर्ण मुरलेल्या शेणखतात हेच वीसच्या जवळ येतं. जिवाणूंना कर्ब खायचा तर सोबत नत्र लागतं, आणि ते भुश्यात मिळालं नाही की ते मातीतून उचलतात. तुमच्या मक्याच्या जेवणातून.

पंगतीच्या भाषेत सांगायचं तर कच्चं खत टाकलं की पहिल्या पंगतीला जिवाणू बसतात, आणि मका मांडवाबाहेर उभा राहतो. पुढे जिवाणू मरतात, तेव्हा त्यांच्या अंगातलं नत्र पुन्हा मातीत येतं. पण तोवर मक्याला तुरा आलेला असतो. माझा त्या वर्षीचा मका सप्टेंबरात हिरवागार दिसत होता. कणसं मात्र अर्धी भरलेली.

खत मुरलंय की नाही हे ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही. ढिगात कोपरापर्यंत हात घाला. आत गरम लागलं तर अजून कुजतंय. मूठभर काढून दाबा: पावसाच्या पहिल्या सरीनंतर मातीला येतो तो वास आला, काडी ओळखू येत नाही, रंग काळपट तपकिरी, तर झालं. अमोनियाचा, नाकात चढणारा वास आला तर नाही. शंका असेल तर ओलसर खत पिशवीत घट्ट बांधून तीन दिवस घरात ठेवा. उघडल्यावर दुर्गंधी आली तर कच्चं. घरात ठेवायला घरचे देणार नाहीत, गोठ्यात ठेवा.

दुसरी गोष्ट, आणि ही मला कुणी सांगितली नव्हती. "पेरणीच्या महिनाभर आधी टाका" असं सगळेच सांगतात. पण आपल्याकडे पेरणीच्या महिनाभर आधी म्हणजे वैशाखाचं ऊन. कोरड्या जमिनीवर पसरलेलं शेणखत कुजत नाही, नुसतं वाळतं, आणि त्यातलं उडणारं नत्र उडून जातं. महिना मोजायचा तो ओलाव्याचा, पंचांगाचा नाही. म्हणजे कुजवायचं ते उकिरड्यावरच, पाणी मारून, खालीवर करून. दिवाळीनंतर ढीग लावला, दोनदा उलथला, वर मातीचा किंवा पाचटाचा थर ठेवला, तर गुढीपाडव्याच्या पुढे-मागे वापरण्याजोगा होतो. जागा असेल तर नाडेप टाकी चांगली: दहा फूट लांब, सहा रुंद, तीन उंच, विटांच्या भिंतीत हवेसाठी भोकं, तीन-चार महिन्यांत खत तयार. नाडेप हा शब्द परदेशी वाटतो, पण तो यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसदच्या नारायण देवताव पांढरीपांडे यांच्या नावावरून आलाय. शेण कमी आणि काडीकचरा जास्त असलेल्यांसाठीच ती पद्धत आहे, म्हणजे आपल्यासारख्यांसाठी.

आणि समजा कच्चं खत टाकून झालंय, पेरणी तोंडावर आलीय किंवा झालीय, आता काय? घाबरू नका. जिवाणूंना वेगळं वाढून द्या. पेरणीच्या वेळी एकरी वीस-पंचवीस किलो युरिया जास्तीचा, बियाण्याला चिकटू न देता दोन बोटं बाजूला आणि खाली. राहिलं असेल तर उभ्या पिकातला पहिला हप्ता तिसाव्याऐवजी विसाव्या-बाविसाव्या दिवशी. सेंद्रिय शेती करणाऱ्यांनी युरियाच्या जागी शेंगदाणा पेंड वापरावी. तिच्यात नत्र सात टक्क्यांच्या आसपास असतं आणि ती लवकर विरघळून कामाला लागते. महाग आहे, पण ओळीतच टाकली तर पुरते.

कोंबडीखताचा मामला उलटा. त्यात नत्र शेणखताच्या चार-पाच पट, आणि ताजं टाकलं तर उष्णतेनं आणि अमोनियानं रोपं जळतात. तेही मुरवूनच, आणि हात आखडून.

नुसत्या जीवामृतावर

यावर लिहिलं की लोक चिडतात, तरी लिहितो. एकराला २०० लिटर जीवामृत: दहा किलो शेण, दहा लिटर गोमूत्र, दोन किलो गूळ, दोन किलो बेसन, बांधावरची मूठभर माती. आता यातलं नत्र मोजा. शेणातून तीस-पन्नास ग्रॅम, गोमूत्रातून शंभरच्या आसपास, बेसनातून सत्तर. सगळं धरून पाव किलो. एकरी पंचवीस क्विंटल मका घ्यायचा तर झाडं पन्नास किलोच्या वर नत्र उचलतात.

जीवामृत वाईट आहे असं माझं म्हणणं नाही. ते विरजण आहे. पण विरजण लावायला पातेल्यात दूध हवं. ज्यांच्या जमिनीत वर्षानुवर्षं पालापाचोळा, शेणखत, ताग-धैंच्याचं हिरवळीचं खत गेलंय त्यांना त्याचा उपयोग दिसतो. ज्यांनी वीस वर्षं नुसता युरिया टाकून, ताटं जाळून, अचानक एका जूनमध्ये जीवामृतावर मका लावला त्यांचा मका पिवळाच पडणार. मक्याइतकं खादाड पीक बदलाच्या पहिल्या वर्षी निवडूच नये, आधी तूर-मूग घ्या.

युरिया टाकूनही पिवळा पडला, तर

आता २०२३. या वेळी सगळं पुस्तकातल्यासारखं होतं. संकरित मक्याची शिफारस हेक्टरी १२० किलो नत्र, ६० स्फुरद, ४० पोटॅश. एकराला करा: ४८, २४, १६. गोण्यांत करा: डीएपी एक गोणी, युरिया दोन गोण्यांना जरा कमी, पोटॅश पंचवीस-सत्तावीस किलो. नत्राचे तीन भाग, एक पेरताना, एक तिसाव्या दिवशी, एक चाळीस-पंचेचाळिसाव्या दिवशी. यामागे कारण आहे. गुडघ्याएवढं होईस्तोवर मका एकूण नत्राचा दहावा हिस्साही उचलत नाही. तिथून तुऱ्यापर्यंत तो नुसता खात सुटतो. पेरतानाच दोन्ही गोण्या टाकणाऱ्याचं नत्र मका जेवायला बसायच्या आधीच वाहून गेलेलं असतं.

मी तिसाव्या दिवशी युरिया टाकला, पण फेकून. जमीन वरून कोरडी होती, पाऊस येईल असं वाटत होतं, तो आला नाही. आपली काळी जमीन विम्लधर्मी, म्हणजे आम्लाच्या उलट. अशा जमिनीच्या अंगावर कोरडा पडलेला युरिया अमोनिया होऊन हवेत जातो. कडुनिंबाचं आवरण आल्यापासून, म्हणजे २०१५ पासून सगळा युरिया तसाच येतो, पुढचा ऱ्हास थोडा मंदावलाय. पण वर पडलेल्या युरियाचं उडणं त्यानं थांबत नाही. चौथ्या दिवशी सकाळी शेतात उभं राहिल्यावर मला वास आला होता, आणि तो वास माझ्या पैशाचा आहे हे तेव्हा कळलं नाही.

उपाय जुनाच आहे. ओळीच्या बाजूला चार बोटांवर कोळप्यानं रेघ ओढा, त्यात युरिया सोडा, वरून माती ओढा. मक्याला भर लावायची असतेच, दोन्ही कामं एका पाळीत होतात. मजूर मिळत नसेल आणि फेकायचाच असेल तर वाफसा असताना आणि लगेच पाणी द्यायची सोय असताना. पानं ओली असताना फेकू नका, दाणे पोंग्यात जाऊन बसतात आणि पोंगा जळतो. मग लोक त्याला लष्करी अळी समजून कीटकनाशक मारतात.

युरिया टाकूनही पिवळा राहण्याचं दुसरं कारण म्हणजे पिवळेपणा नत्राचा नसणं. आमच्या चुनखडीच्या पट्ट्यात तेच होतं. चुन्यानं जस्त आधीच बांधून ठेवलेलं, त्यात दरवर्षी डीएपीचं स्फुरद. युरियानं झाड वाढायला लागलं की जस्त आणखी अपुरं पडतं आणि पट्टे उलट जास्त उठून दिसतात. एकरी आठ-दहा किलो झिंक सल्फेट, दोन-तीन वर्षांतून एकदा, एवढ्यात काम होतं. पण ते डीएपीत मिसळू नका. दोघं एकमेकांना धरून बसतात आणि कुणीच मुळाला मिळत नाही. इथं शेणखत असं उपयोगी पडतं की दुसरं काही पडणार नाही: तेवढं झिंक शंभर किलो मुरलेल्या ओलसर शेणखतात मिसळून सावलीत आठ-दहा दिवस झाकून ठेवायचं आणि मग ओळीत द्यायचं. सेंद्रिय पदार्थ जस्ताला चुन्यापासून वाचवतो. माझा तो पट्टा २०२४ ला याच मिश्रणानं सावरला, आणि ते खत सेंद्रिय होतं की रासायनिक, हे मला आजही सांगता यायचं नाही.

तिसरं कारण पोटॅश. हे हळू येतं. आपण कणसं विकतो आणि ताटं गुरांना घालतो किंवा मुरघास करतो. दाण्यापेक्षा ताटांतच पोटॅश जास्त असतं, वाळल्या चाऱ्याच्या टनामागे दहा-पंधरा किलो. ते गुरांच्या मुतात उतरतं, आणि गोठ्याची मोरी रस्त्यावर सोडलेली असली तर रस्त्याला मिळतं. काळ्या जमिनीत पोटॅश भरपूर असतं हे खरं, म्हणून पंधरा-वीस वर्षं काही कळत नाही. मग एके वर्षी कडा करपतात, वाऱ्यानं मका लोळतो आणि कणसाचं टोक रिकामं राहतं.

जाता जाता दुकानाबद्दल. हंगामात युरियाची गोणी मागितली की सोबत टॉनिकची बाटली घ्यावी लागते, याला आपल्याकडे लिंकिंग म्हणतात आणि सगळ्यांना माहीत आहे. ४५ किलोची गोणी २६६ रुपये ५० पैसे, आणि बाटली चारशेची. माझ्या कपाटात अशा तीन बाटल्या आहेत. ती बाटली आणली म्हणून मारू नका. आधी पान बघा.

किती शेणखताला किती युरिया कमी

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो, म्हणून आमच्या वहीतलं गणित देतो. चांगल्या शेणखतात नत्र अर्धा टक्का. तीन टनांची ट्रॉली म्हणजे पंधरा किलो नत्र, त्यातलं पहिल्या हंगामात एक तृतीयांश मिळतं, पाच किलो. युरियाच्या एका गोणीत जवळजवळ एकवीस किलो. म्हणजे नुसत्या नत्रासाठी एका गोणीला चार ट्रॉल्या. आमच्याकडे ट्रॉलीला साडेतीन-चार हजार मोजावे लागतात. अडीच एकराला निव्वळ शेणखतावर मका काढायचा तर जनावरं किती लागतील याचा हिशेब ज्यानं त्यानं मांडावा. आमच्याकडे दोन म्हशी आणि एक गाय आहे.

पण शेणखत नत्रासाठी घ्यायचंच नाही. एकरी दोन ट्रॉल्या मुरलेलं खत पडलं तर युरिया अर्धी गोणी कमी करा, पोटॅश त्या वर्षी सोडून द्या, जस्त वरीलप्रमाणे त्यातूनच द्या. उरलेला फायदा गोणीत मोजता येत नाही: ऑगस्टात पाऊस दडी मारतो तेव्हा शेणखताच्या पट्ट्यातली पानं दुपारी उशिरा गुंडाळतात. भारतीय कृषी अनुसंधान परिषदेचे दीर्घकालीन खत प्रयोग १९७० पासून देशभर चालू आहेत, अकोल्यातही आहेत. त्यातून पुन्हा पुन्हा हेच निघालंय की नुसतं नत्र देत राहिलं तर उत्पादन घसरत जातं, आणि संतुलित खताला शेणखताची जोड दिली तर टिकतं.

शेणखत मिळतच नसेल तर बांधावर गिरिपुष्प (ग्लिरिसिडिया) लावा. पेरणीनंतर त्याचा कोवळा पाला ओळीत टाकला तर तो भुश्यासारखा नत्र ओढत नाही, उलट देतो. ज्यांच्याकडे मे-जूनमध्ये पाणी आहे आणि मका रब्बीत घेणार आहेत त्यांनी खरिपात ताग करून फुलावर येताना, म्हणजे ४५-५० दिवसांनी गाडावा. फुलं गळून दांडा कडक झाला की तोही लाकूडच.

आमचं सध्या

२०२४ ला वरचा दीड एकर तिसाव्या दिवशी हिरवा होता. एकरी दोन ट्रॉल्या मुरलेलं खत आणि दीड गोणी युरिया, तीन हप्त्यांत, मातीआड. चुनखडीच्या पट्ट्यात झिंकनंतर नव्या पानांवर पट्टे आले नाहीत, जुनी पानं मात्र तशीच राहिली. ती सुधारत नाहीत, त्यांच्याकडे बघून घाई करू नये.

खालचा कोपरा, साधारण आठ गुंठे, अजून पिवळा पडतो. तिथं मूळ उपटलं की तपकिरी निघतं. तो चराचा प्रश्न आहे, आणि चर आप्पांच्या बांधातून गेल्याशिवाय पाणी ओढ्याला लागत नाही. आप्पांशी दोनदा बोललो. ते म्हणाले, "तिथं शेणखत टाकून बघ की."